नकाशातून काढलेलं सागवान

यामिनी चहा बशीत ओतायची, पुन्हा कपात ओतायची, मग प्यायची. स्कूटरवर बसण्याआधी सीट किती तापलीय ते तळहातानं बघायची. सागवानाचं कोवळं पान दिसलं की हातावर चोळायची, आणि हात लाल झाला की हसायची. उन्हाळ्यातली लू, गरम झळ, लागू नये म्हणून तिचे वडील बाबाराव तिच्या बॅगेत कांदा टाकत. ती निघताना तो काढून खिडकीत ठेवायची. बाबाराव ते बघत. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकत.

भिलाईच्या कारखान्यातली त्यांची कारकुनी संपली तेव्हा कारखान्याच्या वसाहतीतलं, सेक्टरमधलं क्वार्टर सुटलं आणि बापलेक जवळच्या कोहक्याला राहायला आले. क्वार्टरमागचं सागवान मात्र तिथंच राहिलं. ते बाबारावांनी यामिनीच्या जन्माच्या वर्षी लावलेलं. घरातलं आंघोळीचं, भांड्यांचं पाणी त्यालाच जायचं.

पुढं तिचं संशोधनही सागवानावरच झालं. आज सागवान जिथं जिथं उभं आहे तिथला पाऊस, ऊन, माती ती संगणकाला सांगायची. मग पन्नास वर्षांनी, ऊन वाढल्यावर, तशी जागा कुठं उरेल ते संगणक नकाशावर हिरवं रंगवून दाखवायचा. तिनं जंगलातली झाडं घेतली, सेक्टरमधल्या झाडांच्या रांगा घेतल्या. लाडानं क्वार्टरमागचंही घेतलं.

नकाशात धमध्याकडचा पट्टा हिरवा निघाला. बाबारावांची जमीन तिथलीच. त्यांनी नकाशा देवघराशेजारी चिकटवला आणि शेतात सागवानासाठी खड्डे खोदून घेतले.

मे महिन्यातल्या एका सकाळी यामिनी पोहे नुसते चिवडत बसली होती.

"बाबा, नकाशा चुकला. सेक्टरमधली झाडं मी काढून टाकली. आपलं पण."

"आपलं? कावून?"

"त्याले पाणी तुम्ही दिलं. नकाशाले वाटलं, पावसानं दिलं. ती झाडं काढली तर आपल्या शेताकडं हिरवं उरतच नाही."

"खड्डे खोदून झाले माये. आता त्यात काय लावू, तुझी पीएचडी?"

"बाबा, ज़िद मत करो ना."

"जिद्द मी करून राहिलो? मी माझ्या हातानं लावलेलं झाड तू खोडलं!"

तिनं पोह्यांची बशी बाजूला सारली. मग म्हणाली, "शेताच्या आसपास नुसत्या पावसावर जगलेलं एक जरी मोठं सागवान दिसलं, तर लावा. नाही दिसलं, तर नाही. मंजूर?"

"मंजूर."

ती त्याच दिवशी तसं झाड शोधायला निघाली. कॉलेजातला मित्र ईशान सोबत होता. त्या दिवशी बाबारावांनी रागात बॅगेत कांदा टाकला नाही.

पुढचं त्यांना ईशाननं सांगितलं. दुपारपर्यंत काहीच सापडलं नाही. मग एका बांधावर एकटं, जाडजूड सागवान दिसलं. यामिनीनं ओढणीची पट्टी फाडून खुणेला बांधली. पलीकडं एक घर होतं. या झाडाला कुणी पाणी घालतं का, ते विचारायला ती निघाली. अर्ध्या वाटेवर खाली बसली. "चक्कर येऊन राहिली रे," म्हणाली. ईशाननं बाटलीतलं उरलेलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. अंग भाजत होतं, पण घाम नव्हता. दवाखान्यात पोचेपर्यंत ती कुणाला ओळखत नव्हती. संध्याकाळी गेली.

तेरवी झाल्यावर बाबाराव ईशानला म्हणाले, "ते झाड दाखव."

पट्टी अजून होती. ऊन लागून फिकी झालेली. बाबारावांनी खोडावर हात ठेवला. बुंध्याशी पाण्यासाठी केलेलं आळं होतं का, ते पालापाचोळ्यात कळत नव्हतं. त्यांनी पालाही सारला नाही. पलीकडच्या घराच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली.

"मी विचारून येऊ का, काका?"

"राहू दे."

"मग खड्डे?"

"तेही राहू दे तसेच. विचारायचं काम तिचं होतं."

बाई थोडा वेळ वाट बघत उभी राहिली. मग आत गेली. झाडाला पाणी कोण घालतं, हे तिला कुणी विचारलं नाही.