वहीत मी ‘शांत झोप’ लिहीत होतो

आज सकाळी १०.४० वाजता मी बाबांना घेऊन ओरोसला डॉक्टरांसमोर बसलो होतो. अंथरुणावर पडले की बाबांचे पाय वळवळतात, झोपू देत नाहीत. बाकी औषधं लागू पडली नाहीत, म्हणून महिन्यापूर्वी डॉक्टरांनी अफूच्या जातीची गोळी कमी मात्रेत सुरू केली. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “घोरतात का?” बाबांनी माझ्याकडे डोळे वटारले. मी म्हटलं, “थोडंसं.”

खरं तर बाबांच्या मासेमारीच्या होडीवरचे खलाशी म्हणतात, “इंजिन बंद केला तरी काकांचा चालूच आसा!”

गोळीने पाय थांबले. मी रोज वहीत लिहायचो: घोरणं मध्येमध्ये पूर्ण बंद, मग मोठा उसासा. शांत झोप.

आज डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली. “अरे, तेव्हा त्यांचा श्वास थांबतो. आधीही थांबत असणार, गोळीने वाढलं.” त्यांनी मात्रा कमी केली, झोपेची तपासणी लिहून दिली.

एसटीत बाबा हळूच म्हणाले, “लाज माका वाटली, आणि खोटा तुका बोलूचा लागला रे.”

तुमच्या घरी कुणी घोरता घोरता गप्प होतं का? डॉक्टरांना ‘थोडंसं’ सांगू नका. माझ्या वहीत अशा सत्तावीस रात्रींपुढे बरोबरची खूण आहे.