मितेशचा तिसरा अंक

कुंपणापलीकडे पाण्याची मोटार सुरू झाली की आई हातातलं काम थांबवायची आणि म्हणायची, "लागली बघ." मोटार चालू म्हणजे मितेश वाडीत, आणि मितेश वाडीत म्हणजे आजही नाटकाचा तिसरा अंक झालेला नाही.

मितेश आमचा शेजारी. आगाशीत आमच्या दोन वाड्यांमध्ये एक कुंपण, पलीकडे त्यांच्या पानवेली, अलीकडे आमच्या केळी आणि सोनचाफा. विरारला एका कारखान्याच्या ऑफिसात तो नोकरी करायचा, पण आळीत त्याला ओळखायचे ते नाटकासाठी. हनुमान जयंतीच्या उत्सवात आळीचं नाटक व्हायचं आणि ते मितेशच लिहायचा. पहिले दोन अंक झटपट व्हायचे. तिसऱ्यापाशी आला की या गड्याला जगातली सगळी कामं आठवायची. सायकलला तेल घालायचं, माळा आवरायचा, आणि सगळ्यात लाडकं काम म्हणजे वेलींना पाणी. तालमीला माणसं दोन अंक पाठ करून ताटकळलेली, आणि हा शांतपणे सांगणार, "डोक्यात तयार आहे, फक्त कागदावर उतरवायचाय." आम्ही त्याची भरपूर टिंगल करायचो. शेवटी कसाबसा अंक यायचाच.

२००१ साली मात्र आमच्या घरात कोणाला हसू येईना.

माझे बाबा, शंकर, आळीच्या नाटकातले कायमचे म्हातारे. तिशीत असतानाही त्यांनी म्हातारेच केले, कारण तसा खर्जातला आवाज दुसऱ्या कोणाला नव्हता. तो आवाज दिवाळीपासून बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, मग मुंबईला तपासण्या झाल्या. घशात कर्करोग निघाला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "स्वरयंत्र काढावं लागेल, आणि लवकर. आवाज जाईल, माणूस राहील."

बाबा म्हणाले, "नाटक झालं की काढा."

आई रडली, मी भांडले. ते ऐकेनात. उलट मितेशला गाठून म्हणाले, "यंदा तिसऱ्या अंकात मला मरू दे. आणि मरताना भरपूर बोलू दे." पहिल्या अंकातलं एक वाक्य त्यांना फार आवडलं होतं. घर सोडून निघालेल्या मुलाला म्हातारा म्हणतो, "हा उंबरा मी बसवलाय. ओलांडताना मला सांगून जा." सकाळी चाफ्याची फुलं काढताना ते हे वाक्य त्या फाटलेल्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणायचे. मला ते ऐकवत नसे. मी मोरीत जाऊन नळ सोडायची.

उत्सव जवळ आला तरी अंक नव्हता. उत्सव समितीतल्या लोकांनी तोडगा काढला की नाटक मे महिन्यात करू. बाबा खूश. "मग ऑपरेशनही मेमध्येच," ते म्हणाले. हे बोलता बोलता त्यांना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. नेमकी तेव्हाच पलीकडे मोटार सुरू झाली.

"वेलींना पानी पाजतोय का बुडवतोय तो?" आई कुंपणाकडे बघत म्हणाली.

खरंच बुडवत होता. पानवेलीला ओल लागते, पण मुळाशी पाणी साचलं की वेल कुजते. आगाशीतलं शेंबडं पोरही हे जाणतं. मितेश तर पानवेलींतच वाढलेला. मी तरातरा पलीकडे गेले. वाफ्यांत पाणी तुंबलेलं, पानं पिवळी पडलेली, आणि तो हातात नळी घेऊन तिसरीकडेच बघत उभा.

"अंक कुठंय?" मी विचारलं.

"होतोय गं भाविका. डोक्यात..."

"तुझ्या डोक्यात राहू दे. तुझ्या त्या कागदांपायी माझा बाप मरतोय, कळतंय तुला?"

असं बोलायचं नव्हतं, पण बोलले. त्याने नळी खाली टाकली.

"तेच तर लिहिता येत नाही," तो म्हणाला. "काकांनी मरण मागितलंय. मी बसतो. म्हातारा खाटेवर आहे, इथपर्यंत लिहितो. मग काकाच दिसतात. वाटतं, हे लिहिलं आणि खरं झालं तर? मग मी उठतो आणि मोटार लावतो."

मला त्याची दया आली आणि रागही तेवढाच आला. मी मोटारीच्या खोपटात गेले, बटण बंद केलं, फ्यूज उपसला आणि ओढणीच्या टोकाला बांधून घरी घेऊन आले. त्याने अडवलं नाही.

मोटार बंद झाली तसा माझा जीव आणखीच टांगणीला लागला. आवाज होता तोवर निदान तो काय करतोय ते कळत तरी होतं. आता काहीच कळेना. पतपेढीतल्या नोकरीत माझ्या बेरजा चुकायला लागल्या. घरी आले की आधी कुंपणाकडे कान.

एका रविवारी सकाळी तो आला. दाढी वाढलेली, हातात कागदांचा गठ्ठा. "फक्त तिसरा नाही," तो म्हणाला. "तिन्ही अंक नव्याने लिहिलेत. काका, यात तुम्ही मरत नाही."

बाबांनी चष्मा लावला. पानं उलटत गेले, परत मागे आले. चेहरा उतरला. "यात मला वाक्यच नाही."

"नाही. म्हातारा घरावर रुसलाय. सगळे त्याच्याशी बोलतात, भांडतात, विनवण्या करतात. तो तिन्ही अंक बोलत नाही. शेवटी सून जेवायला हाक मारते आणि तो उठून पानावर बसतो." मितेश बाबांसमोर बसला. "आता नाटकासाठी ऑपरेशन थांबवायला नको. आधी ते करा. नाटक तुम्ही येईपर्यंत थांबेल."

बाबा भडकतील असं मला वाटलं होतं. ते कितीतरी वेळ कागदांवरून हात फिरवत राहिले. मग आईकडे वळून म्हणाले, "यशोदा, बॅग भर."

त्यांचा आवाज नाटकाआधीच गेला. माणूस राहिला.

नाटक कोजागिरीला, देवळापुढच्या मैदानात झालं. बाबा गळ्याभोवती उपरणं गुंडाळून तिन्ही अंक बसले. नुसत्या मानेने आणि काठीने त्यांनी लोकांना हसवलं. मी विंगेत संहिता घेऊन उभी होते, मितेश बाजूला. आई तर पहिल्या रांगेत बसून नाटकातल्या म्हाताऱ्याला बोल लावत होती.

शेवटी सुनेने हाक मारली. बाबा उठले, स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले आणि मध्येच थांबले. हे ठरलेलं नव्हतं. त्यांनी काठी उंबऱ्यावर टेकली, पहिल्या अंकात घर सोडून गेलेल्या आणि आता परत आलेल्या मुलाकडे वळून पाहिलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले. मी घाबरून संहितेची पानं चाळू लागले. तिथे काहीच नव्हतं.

बाजूला मितेश रडत रडत पुटपुटत होता, अगदी बाबांच्या ओठांबरोबर, "हा उंबरा मी बसवलाय. ओलांडताना मला सांगून जा."