बायकापोरं सोबत आहेत

कमलिनीचा एम.ए.चा प्रबंध बुडाला तो भिलाईच्या मजूर-कॅम्पाजवळ, राधाबाईच्या खानावळीत, रविवारी सकाळी, आणि तोही वांगी चिरता चिरता.

म्हणजे वांगी राधाबाई चिरत होती. कमलिनी पाटावर बसून आपले कागद मिरवत होती. मिरवणारच हो! भंडाऱ्याकडच्या बौद्ध वस्तीतली ही पोर नागपुरात एम.ए.ला बसलेली, तिच्या घराण्यात आजवर मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. थोरला भाऊ भाऊराव भिलाईच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. त्याच्या क्वार्टरमध्ये मुक्काम टाकून तिनं तीन महिने मजुरांच्या कॅम्पात पायपीट केली होती. कोण कुठून आला, का आला, बायकामुलं कुठे आहेत, असे प्रश्न विचारून एकशेबारा फॉर्म भरले होते. निष्कर्षही झकास निघाला: इथे येणारा माणूस एकटा येत नाही, बिऱ्हाड घेऊनच येतो. नागपूरचे सर खूश झाले. पंधरा दिवसांत प्रबंध द्यायचा होता.

"वाच ना वं एखादा," राधाबाई म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण पोरीचं कौतुक भारी.

कमलिनीनं वरचाच उचलला. "धोंडबा, खलाशी, म्हणजे कारखान्यात जड सामान हलवणारा. गाव तुमसरजवळ. बायको आणि तीन मुलं सोबत आहेत."

विळीवरचा हात थांबला. "धोंडबाची बायको इथं? अवं बाप्पा! मग दोन सालापासून दोन टाइम मी कोणाले जेवू घालून राहिली?"

कमलिनी हसली. दुसरा फॉर्म वाचला, तेव्हा हसू कमी झालं. खानावळीत जेवणाऱ्या तेहतीस जणांपैकी एकोणतीस जणांनी बायकापोरं सोबत असल्याचं ठोकून दिलं होतं. पोरीचा चेहरा खर्रकन उतरला.

कारण काही फार खोल नव्हतं. कॅम्पात आवई उठली होती की कागद घेऊन हिंडणारी बाई क्वार्टर वाटणाऱ्यांची आहे, आणि बिऱ्हाड दाखवलं की नंबर लवकर लागतो. मग काय, ज्याचं लग्नही ठरलं नव्हतं त्यानंसुद्धा दोन मुलं सांगितली!

"ठेव तसंच," भाऊराव म्हणाला. "नागपूरहून कोण येते इथं बायका मोजाले?"

आता भाऊराव काही वाईट माणूस नव्हे. बहिणीचं पास होणं त्याला स्वतःच्या बढतीहून मोठं होतं. आणि खरं सांगायचं तर कमलिनीच्या मनातही तेच घोळत होतं. पण लिहायला बसली की एकेका आकड्यापाशी हात अडायचा. तिसऱ्या दिवशी तिनं सरांना सगळं खरं कळवलं, आणि पत्र पेटीत पडताच तिला रडू फुटलं. गेलं वर्ष पाण्यात, असंच तिला वाटलं.

उत्तर आठ दिवसांनी आलं. पाकीट तिच्या हाती देऊन भाऊराव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सरांनी लिहिलं होतं, "निष्कर्ष काढून टाका. माणसं खोटं का बोलली, ते लिहा. जूनपर्यंत मुदत वाढवून घेतली आहे." कमलिनीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. भाऊराव इतक्या जोरात "जयभीम!" ओरडला की शेजारची मल्याळी बाई धावत दारात आली.

या खेपेला कमलिनी फॉर्म न घेताच गेली. जेवणं चालू असताना राधाबाईजवळ बसली. "हे पोट्टी क्वार्टरवाली नोहे," राधाबाईनं भाकर वाढता वाढता दम भरला. "आता खरं बोला, नाहीतर रस्सा भेटणार नाही." माणसं बोलली, आणि बोलताना मोकळी झाली. खोटी पोरं सांभाळणं काय सोपं असतं?

धोंडबा मात्र हात धुऊन झाले तरी जागचा हलेना.

"बाई, माहं खरं लिहिलं ना? मग तसंच घरी बी लिहून द्या."

"घरी कावून?" कमलिनीनं विचारलं.

"तिले दोन सालापासून कळवून राहिलो, क्वार्टर भेटलं म्हणून. रंग लागून राहिला, वाळला की नेतो म्हणून."

"दोन साल रंग!" राधाबाई किंचाळली.

धोंडबानं मान खाली घातली. "टिनाच्या खोलीत राहतो, हे कसं सांगू?"

कमलिनीनं तिथंच कार्ड लिहिलं. क्वार्टर नाही. टिनाची खोली आहे, उन्हाळ्यात तापते. यायचं असेल तर ये.

प्रबंध जूनमध्ये गेला आणि पासही झाला. पेढे घेऊन कमलिनी खानावळीत आली, तर धोंडबाची जागा रिकामी. राधाबाईनं हसून कॅम्पाकडे बोट दाखवलं. तिथं टिनाच्या खोलीपुढे एक बाई चूल लिंपत होती आणि भोवती तीन पोरं धुडगूस घालत होती.

"तुम्हीच का त्या कार्डवाल्या बाई?" धोंडबाची बायको शेवंता पदराला हात पुसत उठली. "मी तं समजून होती, ह्यानं दुसरी ठेवली असन, म्हणून रंगच वाळून नाही राहिला. टिन तं टिन, बाई. कार्ड आलं अन् जीव भांड्यात पडला माहा."