डिकीतली वाळू

वाँडा ग्राबोव्स्कीने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत ती एकाही थांब्यावर उशिरा पोचली नाही. लवकरही नाही. "वेळेआधी निघून गेलेली बस आणि न आलेली बस, पोराच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच," असं ती म्हणते. निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात तिने जांभळ्या रंगाची चॅलेंजर गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांना वाटलं, म्हातारीला आता वेगाचं वेड लागलं. मलाही तसंच वाटलं. मी तिच्या शेजारी बावीस वर्षं राहतेय. माझे अंदाज चुकण्याची तिला सवय आहे.

डेट्रॉइटच्या उत्तरेला, आमच्या गावात, गाडीबद्दल मत नसलेला माणूस म्हणजे लग्नात जेवून नावं न ठेवणारा पाहुणा. शोधूनही सापडायचा नाही. आमचे हे गाड्यांच्या सीटा डिझाइन करतात आणि मी फिजिक्सची बी.एस्सी. पुढे त्या पदवीचा उपयोग कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापलीकडे झाला नाही, त्यामुळे वाँडा शर्यतीत उतरली तशी मी लगेच वही काढली. तीन गाड्या, तीन रकाने.

कॅमारो: सांगाडा तिघींत हलका आणि ताठ, वळणावर मांजरीसारखी, इंजिन सहा पॉइंट दोन लिटरचं, खालपासून जोर. पण आत बसलं की चिलखताच्या फटीतून बघितल्यासारखं बाहेरचं जग दिसतं. मस्टँग: इंजिन पाचच लिटरचं, पण गवयासारखं, वरच्या सप्तकात गेलं की खुलतं. पाव मैल साधारण सव्वाबारा सेकंदांत. चॅलेंजर: सांगाडा सगळ्यात जुना, वजन दोघींपेक्षा चार-पाचशे पौंड जास्त. वाँडाच्या गाडीत इंजिन पाच पॉइंट सात लिटरचं. बिचारं दमदार, पण ओढायचं काय, तर लोखंडी कपाट.

वही घेऊन मी तिच्या ओट्यावर गेले. ती बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, भरत होती.

"वाँडा, सरळ हिशोब आहे. ही विक आणि मस्टँग घे. सेकंदभर वाचेल."

"वाचलेल्या सेकंदाचं मी काय करू? लोणचं घालू?"

"अगं, पण शर्यत आहे ना ती!"

"तू आधी एकदा येऊन बघ, बाई. वही घरी ठेव."

गेले. वही घेऊनच गेले. पहिल्या शनिवारी मी ज्या गाडीसाठी टाळ्या पिटल्या ती हरली होती. दुसऱ्या शनिवारीही. आमच्या शर्यतीच्या पट्टीवरचा नियमच तसा. आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत जाईल ते आधी आपणच बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहायचं. संथ गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. मग जो आधी पोचेल तो जिंकला. पण लिहिलेल्या आकड्यापेक्षा जलद पोचलात तर बाद. म्हणजे गाडी कितीही वेगवान असो, तुम्हाला ती नेमकी ठाऊक पाहिजे. वाँडा काचेवर तेरा-चाळीस, म्हणजे १३.४० सेकंद, लिहायची आणि तेरा-एक्केचाळीसमध्ये पोचायची. जसं काही पलीकडे डबा घेतलेलं पोर वाट बघत उभं आहे.

आठ वर्षं ती धावली. दर सप्टेंबरला आमच्या पट्टीकडून आठ जणांचा संघ इंडियानाच्या मोठ्या स्पर्धेला जातो. वाँडा दोनदा नववी आली. या वर्षी सात नावं ठरली होती आणि आठव्या जागेसाठी उरले होते दोघे: वाँडा आणि लॉयड हेंडरशॉट. लॉयड फरशा बसवतो, मस्टँग चालवतो आणि तोंड कधी मिटत नाही. शेवटच्या शनिवारी, दुपारच्या फेरीत, नेमके ते दोघे समोरासमोर आले. जिंकेल तो संघात. वाँडा एकसष्टची. पुढच्या वसंतात गुडघा बदलायचा, मग डॉक्टर गाडीत बसू देतील की नाही कोण जाणे. ती बोलली नाही यातलं काही, पण त्या सकाळी पिरोगीत मीठ घालायचं विसरली. यावरून काय ते मी ओळखलं.

"काय वाँडाबाई," लॉयड जेवणाच्या बाकावरून ओरडला, "आज निघताना कपाटाला कुलूप लावलंत ना? नाहीतर वाटेत साड्या— आपलं, कोट पडायचे!" साड्या माझ्याकडे बघून. इतक्या वर्षांत मी या पट्टीवर एकदाच साडी नेसून आले होते. तो ती विसरत नाही.

"तू तुझं पोट बेल्टमध्ये बसतंय का बघ आधी," वाँडा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मी जरा पाय मोकळे करून येते. डिकीतली घडीची खुर्ची काढून ठेवशील?"

मी डिकी उघडली आणि माझ्यातली गृहिणी जागी झाली. इथेच सगळं संपलं असं समजा. आत गेल्या हिवाळ्यातल्या वाळूच्या दोन पिशव्या, साठ-साठ पौंडांच्या. बर्फात मागची चाकं घसरू नयेत म्हणून इथे सगळेच ठेवतात, पण सप्टेंबरात? बोलिंगच्या चेंडूची पिशवी. टोमॅटोचे सहा डबे. मी पदर खोचला. म्हणजे स्वेटरच्या बाह्या वर केल्या. सगळं माझ्या व्हॅनमध्ये हलवलं, तळ पुसला, फडक्याची घडी घालून कोपऱ्यात ठेवली. वाळू ओढताना कमरेत कळ आली, तरी मनात म्हटलं, जन्मात पहिल्यांदा या गाडीला कुणीतरी शिस्त लावली.

गाड्या रांगेत गेल्या. काचेवर तेरा-चाळीस. लॉयडच्या काचेवर बारा-पंचवीस. मी कठड्याला टेकून वहीत हवेचं तापमान लिहीत होते. सवयीने चॅलेंजरच्या रकान्यात वजनावर नजर गेली. शंभर पौंड कमी झाले की साधारण सेकंदाचा दहावा भाग वाचतो, हे वाक्य माझ्याच अक्षरात खाली लिहिलेलं होतं. अधोरेखित.

मी "वाँडा!" म्हणून ओरडले. दिवे हिरवे झाले होते.

जांभळी गाडी आधी सुटली, सेकंदाहून जरा जास्त वेळाने मस्टँग किंचाळत मागे. वाँडा दणक्यात पहिली पोचली. बाजूचे लोक उभे राहिले. जिंकल्याचा दिवा मात्र लॉयडच्या बाजूला लागला.

ती परत आली तोवर मी व्हॅनचं मागचं दार उघडून, वाळूच्या पिशव्यांशेजारी आरोपीसारखी उभी होते.

"मी केलं," मी म्हटलं. "मी काढली. सव्वाशे पौंडांच्या वर असेल. वाँडा, मी आत्ता जाऊन पंचांना सांगते, चूक माझी आहे."

"सांग ना. 'शेजारणीने डिकी आवरली' असं कलम नियमात कुठे आहे ते मलाही दाखव."

"तू मला बोल तरी! चिडून बोल!"

"थांब, दम तर घेऊ दे." ती बंपरवर टेकली आणि गुडघा चोळू लागली. "हे बघ. लॉयड मला नेहमी अर्ध्याच्या जरा पुढे आरशात दिसायला लागतो. आज पाऊण पट्टी गेली तरी आरसा रिकामा. एक तर तो झोपला होता, नाहीतर मी फार जोरात चालले होते. आणि लॉयड काही झोपणारा नाही."

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"आठ वर्षं बसतेय त्या सीटवर."

"मग ब्रेक का नाही दाबलास? नुसता पाय लावला असतास तरी संघात होतीस!"

ती बंपरवरून उठली. तिकडून लॉयड येत होता, टोपी हातात, पहिल्यांदाच गप्प. वाँडाने त्याचा हात धरून दोनदा हलवला. "संघाचं जॅकेट एक माप मोठं माग," ती त्याला म्हणाली. तो हसला, मान खाली घातली आणि निघून गेला.

"पाय ब्रेकवर नेला होता," ती मग हळूच म्हणाली. "एकतीस वर्षं नेतच आलेय. आज नाही दाबला."

मी डोळे पुसले. नंतर कळलं, हाताला वाळू होती, त्यामुळे पुढची दहा मिनिटं मी जरा जास्तच रडले. वाँडाने खिशातून वेळेची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.

"वाच."

"तेरा-एकोणतीस."

"परत वाच."

मी परत वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. पलीकडे ध्वनिक्षेपकावर आठ जणांची नावं पुकारायला सुरुवात झाली होती.

"अजून एकदा," वाँडा म्हणाली, "जरा मोठ्याने. तो माणूस फार ओरडतोय."