पहिली चाल

कपाट आवरताना प्राचीन युद्धांच्या खेळाची सीडी सापडली. कव्हरला अजून आमच्या एन्नोरच्या घराशेजारच्या वीजकेंद्राच्या राखेचा वास आहे. तो नाकात गेला आणि टाळकंच सरकलं.

त्या खेळात मी तिन्ही बाजूंनी शत्रू असलेलं राज्य घ्यायचो. पहिली चाल ठरलेली: लांबचं शहर सोडायचं, सैन्य राजधानीत आणायचं. एकदा अप्पा मागून ओरडले, "आपण मराठे, जागा सोडत नसतो!" महाराष्ट्र सोडून तंजावरला आलेल्यांचा हा वंशज! मी ऐकलं आणि सगळंच हरलो.

त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आईच्या छातीसाठी एन्नोर सोडा. अप्पांनी तेच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं. आई त्याच घरात खोकून खोकून गेली.

अप्पांना मी आजही माफ केलेलं नाही. पण पहिली चाल मला पाठ होती, आणि त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही.