पाटल्या मोडून घेतलेलं घड्याळ

आईचा फोन आला. "शनिवारी मोकळी आहेस ना? घड्याळ बघायला जायचंय."

मला वाटलं, हॉलमधलं भिंतीवरचं बंद पडलं असेल. म्हटलं, "अगं, मी ऑनलाइन मागवते की."

"हातात घालून बघायचंय," असं म्हणून तिने फोन ठेवून दिला.

आई विमा कंपनीतून निवृत्त झाली त्याला बरीच वर्षं झाली. ती आणि बाबा पार्ल्यात राहतात, मी गोरेगावला. शनिवारी मी पोचले तर ती साडी नेसून तयारच होती. रिक्षात बसल्यावर तिने अंधेरीतल्या ज्या शोरूमचा पत्ता सांगितला, तो ऐकून मी तिच्याकडे बघतच राहिले. तिथल्या घड्याळांच्या किमती लाखांत असतात. काचेतून दिसतात तेवढीच ती घड्याळं आपल्याला ठाऊक.

"आई, तिथे काय काम आहे आपलं?"

"घड्याळ घ्यायचंय. पाटल्या मोडल्या मी."

रिक्षा सिग्नलला थांबली होती. त्या पाटल्या माझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या सासूबाईंच्या. लग्नात घातल्या असतील, एरवी कायम बँकेच्या लॉकरमध्ये.

"बाबांना माहितीये?"

"माझ्याबरोबरच आले होते सोनाराकडे. बाहेर उसाचा रस पीत बसले."

"आणि काही बोलले नाहीत?"

"म्हणाले, तुला आलं घातलेला मागवू का?"

शोरूममध्ये एसी इतका होता की आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला. विक्रेता तरुण होता, अदबीने बोलत होता. त्याने आधी सोन्याचं, हिऱ्यांच्या कडेचं घड्याळ काढलं. आईने ते हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि विचारलं, "हे उद्या विकायला आणलं तर किती येतील?"

तो गडबडला. "मॅडम, अशी वस्तू कोणी विकायला घेत नाही."

"घेत नसतील. पण विकायची वेळ येते ना माणसावर."

मग त्याने खरं ते सांगितलं. हिऱ्यांचे पैसे परत येत नाहीत, सोन्याचेही वजनावर जेवढे येतील तेवढेच. उलट एका साध्या दिसणाऱ्या स्टीलच्या घड्याळाला जुन्या बाजारात जवळजवळ घेतलेलीच किंमत मिळते, कधी जास्तही. आता आश्चर्य वाटायची पाळी आईची होती. "स्टीलला? अहो, स्टीलचे आम्ही डबे घेतो." पण ते स्टीलचं घड्याळ दुकानात नव्हतंच. नाव नोंदवायचं आणि वाट बघायची, किती ते तोही सांगू शकत नव्हता.

वाट बघायला ती तयार नव्हती. तरी उठण्याआधी तिने बाकीची घड्याळं बघून घेतली. एकात सेकंदाचेही तुकडे मोजायची सोय होती. "गाड्यांच्या शर्यतीसाठी असतं," तो म्हणाला. "मी भाजीला जाते," आई म्हणाली. दुसऱ्यात चंद्राची कोर सरकत होती. ते बघून तिचे डोळे चमकले. "संकष्टीला चंद्र किती वाजता उगवेल, ते सांगतं?" सांगत नव्हतं. "मग कॅलेंडरच बरं."

तिथून ती मला वापरलेल्या घड्याळांच्या दुकानात घेऊन गेली. जवळच एका ऑफिसच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. हा पत्ता तिला मोबाइलवरच्या व्हिडिओंतून सापडला होता. गेले कित्येक महिने दुपारी ती मालिका नाही, घड्याळांचे व्हिडिओ बघत होती. आमच्या घरात हे मला सोडून सगळ्यांना, म्हणजे बाबांना, माहीत होतं.

दुकानदाराने दोन घड्याळं समोर ठेवली. पहिल्यात सगळं होतं: मोठी तारीख, अंधारात चमकणारे काटे, काढून ठेवलं तरी तीन दिवस चालणार, आणि किंमतही कमी. दुसऱ्यात तीन काटे, बस. तारीखसुद्धा नाही.

"पहिलं घे," मी म्हटलं. "किती फीचर्स आहेत बघ."

"पहिल्याची किंमत दोन-तीन वर्षांत निम्मी होईल," दुकानदार म्हणाला. "दुसऱ्याची पडली तरी थोडी पडेल. बॉक्स आणि मूळ कागद मात्र सांभाळा. ते नसले की भाव उतरतो."

आईला हसू आलं. आमच्याकडे मिक्सर केव्हाच भंगारात गेला, त्याचं खोकं अजून माळ्यावर आहे. तिने दुसरं घेतलं.

त्यानंतर ते घड्याळ तिच्या हातात रोज दिसायला लागलं. भाजीला, बँकेत, शेजारच्या सत्यनारायणाला. सोसायटीतल्या बायकांना ते स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरचं वाटायचं आणि आई त्यांना तसं वाटू द्यायची. "चोरालाही तेच वाटलं तर बरंच आहे की," ती म्हणायची. मलाही हळूहळू ते आवडायला लागलं. पुढेमागे ते माझ्याकडेच येणार, हे मी मनात धरून चालले होते. नवऱ्याला तसं बोलूनही दाखवलं होतं.

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी जेवायला गेले. आई वाढत होती. मनगटावर निळ्या तबकडीचं, पातळसं, वेगळंच घड्याळ.

"ते कुठे गेलं?"

"दिलं त्या दुकानदारालाच परत. जवळजवळ घेतलं तेवढ्यालाच गेलं. त्यात हे आलं."

माझा घास हातातच राहिला. "विकलंस? आई, ते तू... मला वाटलं होतं..."

"काय वाटलं होतं?"

बाबा मान खाली घालून आमटी-भात कालवत होते. मी बोलून टाकलं, "मला देशील असं वाटलं होतं."

आई खुर्ची ओढून बसली. रागावली नव्हती. "अगं, पाटल्या सासूबाईंनी माझ्यासाठी ठेवल्या, घातल्या नाहीत. मी तुझ्यासाठी ठेवल्या, घातल्या नाहीत. तूही कुणासाठी तरी ठेवल्या असत्यास. ते घड्याळ मी वापरायला घेतलं. वापरून झालं, दिलं."

"आणि मला काहीच नाही?" हे माझ्या तोंडून निघालं तेव्हा मीच दचकले. पंचेचाळिशी ओलांडलेली, कमावती बाई, आणि आवाज शाळेतल्या मुलीचा.

"तुला हवंय का घड्याळ?" तिने सरळ विचारलं. "हवं असेल तर घे ना. तुझ्या पैशाने. मी येते बघायला."

त्या दिवशी मी हात धुऊन लगेच निघाले. दोन आठवडे फोनही केला नाही. तिने केला, नेहमीसारखा. बाबांचं गुडघ्याचं दुखणं, पाणी किती वाजता येतं, आणि मग सहज म्हणाली, "निळं विकलं गं. यात मात्र तोटा झाला."

मी हबकले. "बराच?"

"बऱ्यापैकी. तबकडीचा रंग आता कुणाला नकोय म्हणे. जाऊ दे. वापरलं की मी, त्याचं भाडं समजायचं." तिच्या आवाजात खंत नव्हती. मी शोधून पाहिली, नव्हतीच. "पुढच्या शनिवारी तिसरं बघायला जातेय. येतेस?"

मी हो म्हटलं.