फाट्यावरचा दुसरा पोळा

छप्पन्न-सत्तावन्न सालची गोष्ट. चिंचवड स्टेशनापासून कारखान्यापर्यंत रुळांचा एक फाटा टाकला, तो नेमका मालोजीच्या ज्वारीवरून! रान गेलं तर गेलं, हरण्या-गुलब्या तर दावणीला होते. इंजिन लोखंडाचे डबे स्टेशनात सोडून चालतं व्हायचं. तिथून ते कारखान्यात ओढून न्यायचं काम मालोजीच्या बैलजोडीला मिळालं. हमालांनी पहारी लावून चाक हलवलं, की पार बंगालच्या बाजूनं आलेलं पोलाद हरण्या-गुलब्याच्या मागून मुकाट चालू लागायचं. "आपल्याच रानात आपलेच बैल, नांगर तेवढा बदलला," असं मालोजी हसत सांगायचा. त्याच्या बायकोला, गोजाबाईला, त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

फाट्यावरचा मुकादम यशवंतराव परभणीकडचा. तोंडाचा फटकळ, मनानं वाईट नव्हे. श्रावणातल्या अमावास्येला त्यानं आपणहून मालोजीला सुट्टी दिली. मालोजीला वाटलं, आज डबा आला नसेल. त्यानं दिवसभर बसून छप्पर शाकारलं.

महिन्यानं भाद्रपदातली अमावास्या आली. आदल्या संध्याकाळी गोजाबाईनं बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून "आवतण घ्या, उद्या जेवायला या," असं रीतीचं आवतण दिलं. सकाळी शिंगं रंगवून होतात न होतात, तोच यशवंतराव दारात हजर.

"मालोजी, डबा आलाय. मालावाचून कारखाना अडलाय. चल, जुंप!"

"आज न्हाई जमायचं, मुकादम. पोळा हाय."

"पोळा मागच्या महिन्यात झाला की! सुट्टी दिली ना तुला? वर्षाचे किती पोळे रे तुझे?"

"त्यो तुमच्याकडचा. आमचा आज असतो."

यशवंतरावाला ही सरळसरळ थाप वाटली. "दुपारपर्यंत डबा आत आला नाही, तर उद्यापासून दुसरी जोडी लावतो. मग बस शिंगं रंगवीत!"

मालोजीनं दावणीकडे पाहिलं. रान नाही, आता हेही काम गेलं तर बैलांना घालायचं काय? पण आजच्या दिवशी जू ठेवायचं म्हणजे बापजाद्यांनी बैलांना दिलेला शब्द मोडायचा. त्यानं कोपऱ्यातला सोल, नांगराचा जाड दोर, उचलला. "चला, डबा आणू."

"अन् बैल?"

"बैल जेवत्यात."

स्टेशनात जाऊन त्यानं दोर डब्याला बांधला अन् खांद्यावर घेतला. हमाल खो खो हसले. मालोजीनं पाय रोवले, मानेच्या शिरा तटतटल्या, पण डबा ढिम्म. तेव्हा एकाचं हसू थांबलं अन् त्यानं दोराला हात घातला. मग दुसऱ्यानं घातला. बाकीचे पहारी घेऊन चाकांशी भिडले. डबा कुरकुरत हलला. यशवंतराव जरा वेळ नुसताच ओरडत राहिला, मग टोपी खिशात कोंबून त्यानंही मागून रेटा दिला.

डबा वस्तीशेजारून चालला, तेव्हा दावणीदावणीला रंगलेली शिंगं त्याला दिसली. "अरे, गावभर पोळा आहे की रे!" असं म्हणून तो खजील झाला.

दुपारी डबा आत गेला. "उद्या जोडी घेऊन ये," यशवंतराव म्हणाला. "अन् लेका, पुढच्या वर्षी दोन्ही पोळ्यांना सुट्टी."

घरी येऊन मालोजीनं सदरा काढला. खांद्याची सालटं निघाली होती. गोजाबाईनं कालची हळद-लोण्याची वाटी आणली आणि त्याच्या खांद्याला हलक्या हातानं चोळू लागली.

"आवतण घ्या, जेवायला या," ती म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, तरी हात काही थांबला नाही.